पासिंगपुरते ब्रेक : भालकी ते निंबर्गा, दाजींच्या जीपमागं

भाच्याचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि आमच्या भाच्याला मामा एकच आहे, तो म्हणजे मी. एवढ्या कारणासाठी ऐन लगीनसराईत मी कापडदुकानाच्या मालकाकडं रजा मागितली. ते म्हणाले, "गेलास की परत येशील का?" प्रश्न रास्त होता. मागच्या खेपेला त्यांनी मला औरादला कापडाचे नमुने दाखवायला पाठवलं, तर मी एका तेलुगू बोलणाऱ्या मेंढपाळाच्या मागं मागं पार मांजरेच्या काठाला गेलो आणि नमुने भिजवून परत आलो. पण जावळाला नाही म्हणणारा माणूस उदगीरात अजून जन्मायचाय. रजा मिळाली.

उदगीर-भालकी रस्त्याबद्दल आधी सांगतो, कारण कुणीतरी वाचून जाईलच. सकाळची बस धरा आणि उजव्या बाजूला बसा, डावीकडून ऊन भाजतं. कर्नाटकाची हद्द ओलांडली हे पाटी वाचून कळत नाही, ढुंगणाला कळतं. उसाच्या गाड्यांनी रस्त्याचं जे केलंय ते पाहिल्यावर साखरेचा चहा गोड लागेनासा होतो. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, "कुणीकडं जायलास बाबा?" मी म्हणालो, भालकीला, अक्काकडं. म्हातारी म्हणाली, "मग जीपनं कामून न्हाई गेलास? जीप लवकर नेती." लवकर कुठं नेते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी थोरली बहीण महादेवी भालकीत दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, भालकीच्या स्टँडवर जीप चालवतात. जीप त्यांची स्वतःची आहे, आणि हे ते पहिल्या वाक्यातच सांगतात. मूळ गाव आळंद तालुक्यातलं निंबर्गा, कुलदैवत तिथं, म्हणून जावळही तिथंच. मठाच्या स्वामींनी सोमवार दिला होता. त्याआधी जीपचं पासिंग करून घ्यायचं, म्हणजे आरटीओच्या माणसाकडून गाडी रस्त्यावर चालवायला धड आहे असा कागद घ्यायचा, आणि मग सगळं बिऱ्हाड घालून निंबर्ग्याला निघायचं, असा दाजींचा बेत.

आता त्या जीपचं वर्णन करतो. रागावू नका दाजी, हे तुम्हाला तोंडावरही सांगितलंय.

जीप मुळात चांगली. राज्याचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी मागच्या पत्र्यावर 'मैसूर' अजून पुसट दिसतं, एवढी जुनी, पण हाडापेरानं बळकट. तिला बिघडवली ती दाजींच्या हौसेनं. टपावर पिवळ्या काचेच्या दिव्यांची रांग, ते सगळे एकदम लावले तर समोरचा माणूस आंधळा आणि दाजींची बॅटरी बसलेली. पुढच्या काचेला वरून चांदीच्या कागदाची झालर, खालून देवांचे फोटो, मधे बोटभर फट, तिच्यातून दाजी कर्नाटक राज्य बघतात. सायलेन्सर मुद्दाम कापलेला, कारण आवाज झाला की गाडीला ताकद आहे असं पॅसेंजरला वाटतं. मूळचं मोठं स्टिअरिंग काढून कुठल्याशा मोटारीचं ताटलीएवढं बसवलेलं, ते वळवताना दाजी कणीक मळल्यासारखे दिसतात. भोंगा लग्नाच्या बँडसारखा. टायर चकोट, त्यांच्यावरून हात फिरवला तर दाढी करून आल्यासारखं वाटतं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलंय. तेवढा एक बदल गाडीच्या बुकात रीतसर चढवलेला, कारण इंजिनावर नंबर कोरलेला असतो आणि तो लपवता येत नाही. लपवता येतं ते बुकात नाही.

आणि शेपटी. भालकीच्या स्टँडवर सगळ्यांच्या जीपला शेपटी आहे. मागं लोखंडी अँगल लावून गाडी दीड हात लांब करायची, त्यावर समोरासमोर दोन फळ्या टाकायच्या, वर ताडपत्री. तिथं कोंबून माणसं बसतात. ही शेपटी वेल्डिंग केलेली नसते, चार बोल्टांवर असते. का, ते मला दुसऱ्या दिवशी बीदरला कळलं.

"चला पाव्हणं, बीदर बघून घ्या," दाजी म्हणाले. मला कुणी कुठंही चला म्हटलं की मी चप्पल शोधत नाही.

बीदरला उतरताच आधी खाऊन घ्या. स्टँडच्या मागच्या गल्लीत सुसला मिळतो. म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्याचा उपमा, सोबत बोटाएवढ्या लांब मिरचीचं भजं. दोन रुपयांत माणूस दुपारपर्यंत गप्प बसतो. पांढरे कपडे घालून मात्र जाऊ नका, इथली माती तांबडी आहे आणि ती धुतल्यानं जात नाही.

मेकॅनिकांच्या गल्लीत रज्जाकभाई आमची वाट बघत होते. हेही भालकीच्या स्टँडचेच जीपवाले, पण यांच्याकडं एक मोठी जबाबदारी. स्टँडवरच्या सगळ्यांनी वर्गणी काढून एक 'सेट' घेतलाय, तो सांभाळायची. गल्लीतल्या एका पत्र्याच्या खोलीत त्यांनी तो गोणपाटाखाली ठेवलेला. गोणपाट उचललं आणि मला आधी वाटलं नवी जीपच सुटी करून ठेवलीय. चार कोरे टायर, डिस्कसकट. आरसे. वायपर. एक साधा, गरीब, पों असा वाजणारा भोंगा. भोक नसलेला सायलेन्सर. मूळचं मोठं स्टिअरिंग. आणि फडक्यात गुंडाळलेले नवे ब्रेक शू, त्यांचं लायनर अंगठ्याएवढं जाड.

"हे काय?" मी विचारलं.

"पासिंगका सेट हय मियाँ," रज्जाकभाई म्हणाले. "जिसका पासिंग, उसकू चढाते. हो गया, उतारते. फिर दुसरे कू."

म्हणजे सबंध भालकी स्टँडला मिळून ब्रेक एक. दर गाडी वर्षातून एकदा, बीदरच्या मैदानावर तपासणी होईपर्यंत, चांगली वागते. मिस्त्रीनं दोन तासांत दाजींच्या जीपचे दिवे, झालर, भोंगा, ताटली सगळं उतरवलं, चार बोल्ट काढून शेपटी भिंतीला टेकवली, आणि सेट चढवला. ती जीप बघून मला पहिल्यांदा तिच्यात बसावंसं वाटलं. दाजींना मात्र लाज वाटत होती. "लई बोडकी दिसायलीय न्हाई?" ते म्हणाले.

मैदानावर इन्स्पेक्टर होता. इकडं त्याला ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात, आणि हा त्या नावाला जागणारा निघाला. स्वतः चालवायला बसला, वेग घेतला आणि करकचून ब्रेक दाबला. जीप खिळल्यासारखी जागेवर उभी. "चेन्नागिदे," तो म्हणाला, म्हणजे छान आहे. चेहऱ्यावरून त्याला असं रोज म्हणायला मिळत नसावं. मग तो खाली उतरून मागं गेला, वाकला, आणि चॅसीला पाडलेल्या एका भोकात त्यानं बोट घातलं.

"हे भोक कशाला?"

दाजी म्हणाले, "जत्रंत झेंडा लावतो साहेब."

त्यानं बाकीची भोकं मोजली. "चार झेंडे?"

"मोठी जत्रा असती साहेब."

इन्स्पेक्टर हसला नाही. "बुकात जेवढी बॉडी लिहिलीय तेवढीच रस्त्यावर दिसली पाहिजे. मागं काही जोडलं आणि मला सापडलं, तर गाडी इथंच ठेवून घेईन," एवढं चांगल्या मराठीत सांगून त्यानं सही केली. त्याचा काय दोष? त्याच्यासमोर जी गाडी आली ती खरंच चांगली होती. फक्त ती दाजींची नव्हती.

पुढचं काम उलटं होतं, म्हणजे उतरवायचं, आणि मला त्यात रस नव्हता. मी बिदरीकाम करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत शिरलो. तिथं एक जण सुरईवर चांदीची तार ठोकत बसला होता आणि त्याला माझं येणं-जाणं काही लागत नव्हतं. बराच वेळ बघत बसलो. बीदरला गेलात तर किल्ला नंतर बघा, ही ठोकठोक आधी बघा. परत आलो तर दाजींची जीप पुन्हा नटून उभी, आणि तिचे चांगले टायर रज्जाकभाईंच्या जीपखाली चढत होते. सोमवारी त्यांची पाळी.

भालकीला परतताना मी पुढं बसलो होतो. दाजी ब्रेकचं पायडल एकदा दाबत नव्हते. तीनदा-चारदा धपाधप मारत होते, सायकलला हवा भरल्यासारखं.

"दाजी, हे काय करायलाव?"

"पंप मारावा लागतो. हिची सवय हाय मला. ती माझं ऐकती."

संध्याकाळी अक्कानं भाकरी वाढली आणि मी चार झेंड्यांचा किस्सा रंगवून सांगितला. मला वाटलं ती हसेल. मांडीवर भाचा झोपलेला, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाजींकडं बघितलं.

"म्हंजे ब्रेक काढून दिले?"

"काढले न्हाईत. आपले होते ते लावले."

"आपले म्हंजे झिजलेले."

"अगं, चालतेत. इतकी वर्सं चालायलेत."

"इन्स्पेक्टरच्या डोळ्याला नवे ब्रेक लागतेत, माझ्या लेकराला न्हाई लागत व्हय?"

दाजींनी भाकरी खाली ठेवली. "सेट काय माझ्या बापाचा हाय? स्टँडचा हाय. सोमवारी रज्जाकचं पासिंग. नियम म्हंजे नियम." हे नियम म्हणताना त्यांचा आवाज असा होता की मला क्षणभर खरंच वाटलं आपण कायद्याच्या बाजूला बसलोय.

"मग सोमवारी घ्या त्यांच्याकडनं आन् मंगळवारी जाऊ."

"स्वामींनी सोमवार दिलाय. आन् स्टँडवर काय सांगू? बायकू म्हणती म्हणून सेट द्या? हसतील लोक."

"कुठं बसवणार हाव मला?"

"शेपटीत. तिथं वारं लागतं. लेकरू झोपून जाईल. वाकळ टाकतो की चांगली."

अक्का उठली. तिनं भाच्याला पाळण्यात टाकलं आणि झोका देत, आमच्याकडं पाठ करून म्हणाली, "मी बसनं जाते."

भालकीत जीपवाल्याची बायको सरकारी बसमधून सासरच्या कुलदैवताला जाते, ही गोष्ट किती मोठी आहे हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. हॉटेलवाल्यानं स्वतःचा डबा घरून नेण्यासारखं ते आहे. दाजी कितीतरी वेळ उंबऱ्यात उभे राहून तिला समजावत होते. आधी रागानं, मग गोडीनं, मग चार चौघांच्या नावानं. ती झोका देत राहिली.

सोमवारी सकाळी जीप दारात. केळीचे खुंट बांधलेले, भोंगा वाजवून आळी जागी केलेली. पुढं दाजींचे मोठे काका वीरप्पा बसायचे होते, पण त्यांना पुढं इंजिनाची धग लागते म्हणून ते शेपटीत गेले. मधे बायका, भांडी, तांदूळ, नारळ. टपावर दोन तरणी माणसं. शेपटीतल्या एका फळीवर दाजींनी रात्रीच लाल वाकळ अंथरलेली, तिच्यावर लेकराची छोटी उशी ठेवलेली. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं अक्का येईल.

अक्का आली. भाचा कडेवर, हातात पिशवी. जीपच्या समोरून, सगळ्या आळीसमोरून, स्टँडकडं चालत गेली. जाताना मला म्हणाली, "मल्लू, तू बी चल."

मी जायला हवं होतं. पण वीरप्पाकाकांनी शेपटीतून हाक मारली, "या मामासाहेब, तुमच्याबिगर जावळ न्हाई, मग तुमाला सोडतो का काय?" सगळे हसले. मी लाल वाकळीवर जाऊन बसलो. मऊ होती.

तिथं बसून प्रवास कसा होतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला बसावं लागणार नाही. धूर थेट तोंडात येतो. धक्का पुढच्या माणसाला बसतो त्याच्या दुप्पट शेपटीला बसतो, कारण चाकं मागं असतात आणि तुम्ही चाकांच्याही मागं. खाली बघितलं तर अँगलच्या फटीतून रस्ता पळताना दिसतो. वीरप्पाकाका मात्र खूश. त्यांनी कमरेची डबी काढून मला सुपारी दिली आणि आपण निजामाच्या काळात घोड्यावरून हाच रस्ता कसा केला ते सांगत राहिले. घोड्याला ब्रेक होता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "घोड्याला भ्या असतंय बाबा. गाडीला नसतंय."

हुमनाबादच्या अलीकडं आम्ही बसला गाठलं. दाजींनी बँड वाजवत तिला मागं टाकलं. खिडकीत अक्का दिसली, भाचा काचेला नाक लावून बसलेला. तिनं बघितलं नाही. दाजींनी हुमनाबादला चहाला गाडी थांबवली, तेवढ्यात बस पुढं निघून गेली. चहा अर्धा टाकून दाजी उठले. "चला चला, बसा!" आता हे जावळ राहिलं नव्हतं, शर्यत झाली होती. आणि शर्यत बसशी नव्हती. बसच्या ड्रायव्हरला आम्ही कोण ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

कमलापूर जवळ आलं की रस्ता उतरायला लागतो. कमलापूरची लाल केळी प्रसिद्ध आहेत, जात असाल तर जरूर घ्या, साल जाड असते पण आत लोण्यासारखी. मी तोच विचार करत होतो. उताराच्या तोंडाला दाजींनी पुन्हा बसला मागं टाकलं, बँड वाजला, टपावरची दोघं ओरडली, आणि जीप उतरणीला लागली.

खाली छोटा पूल. पुलावर कडब्याची बैलगाडी, पुलाएवढीच रुंद.

मला दाजींचा पाय दिसत नव्हता, पण आवाज येत होता. धप, धप, धप, धप. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, दातांत शिरणारा. वेग तसाच. मधल्या बायका ओरडायला लागल्या. दाजींनी ती ताटली दोन्ही हातांनी फिरवली आणि जीप रस्ता सोडून नांगरलेल्या रानात घातली. ते एक काम त्यांनी अक्कलेनं केलं, हे लिहिलंच पाहिजे. जीप ढेकळांतून उसळत गेली, बांधावर चढली, आणि त्या धक्क्याला शेपटी सुटली.

शेपटी सुटली म्हणजे मी, वीरप्पाकाका, दोन फळ्या, ताडपत्री, वाकळ आणि उशी, एवढे सगळे जीपवेगळे झालो. जीप बांधापलीकडं जाऊन थांबली, तिच्यातली आणि टपावरची माणसं खरचटण्यावर निभावली, आम्ही अलीकडं राहिलो. सुटणारच होती. दर वर्षी काढायची म्हणून जी कधी नीट जोडलीच नाही, ती धरून कशी राहील? मी काकांच्या अंगावर पडलो म्हणून माझा नुसता मनगटाचा सांधा निखळला. काकांचा पाय अँगलखाली होता. पाय असा वळला होता जसा पाय वळत नाही.

बस आली आणि थांबली. माणसं धावत खाली आली. अक्का सगळ्यांच्या मागून आली, भाचा कडेवर. तिनं आधी मला बघितलं, मग काकांना. मग ती उपड्या पडलेल्या शेपटीकडं गेली. लाल वाकळ अँगलमध्ये अडकून फाटली होती. छोटी उशी लोखंडाखाली दबलेली, निम्मी बाहेर. दाजी बांधावरून पळत येत होते, ते तिथं पोचले आणि त्यांनाही तेच दिसलं. ते खाली बसले, ढेकळांत, आणि डोकं धरलं.

मला वाटलं अक्का आता बोलेल. बोलायचा हक्क तिचाच होता. तिनं वाकून उशी ओढून काढली, झटकली आणि काकांच्या डोक्याखाली ठेवली. मग बसच्या ड्रायव्हरला म्हणाली, "अण्णा, ह्यास्नी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात न्यावं लागतंय. मागची सीट मोकळी करून देताव का?" ड्रायव्हरनं दिली. कुणा पॅसेंजरनं तक्रार केली नाही. एका बाईनं स्वतःचं धाबळीचं पांघरूण काकांच्या पायाखाली घातलं.

मी दाजींबरोबर मागं थांबलो, पोलीस येईपर्यंत. हवालदार सायकलवर आला, घामाघूम. जीपभोवती फिरला, शेपटीभोवती फिरला, मग कागद मागितले. दाजींनी देवांच्या फोटोमागून पासिंगचा कागद काढून दिला. शाई अजून ताजी होती.

"ब्रेक उत्तम," हवालदारानं मोठ्यानं वाचलं. "टायर उत्तम. बॉडी बुकाप्रमाणे." मग त्यानं बांधाअलीकडच्या शेपटीकडं बोट केलं. "मग ते काय हाय?"

 मी म्हणालो, "झेंड्याचं हाय."

हवालदार माझ्याकडं बघत राहिला. "डोक्याला बी लागलंय काय ह्याच्या?" असं त्यानं दाजींना विचारलं.

जावळ मंगळवारी झालं. सोमवारचा मुहूर्त गेला आणि स्वामींनी मंगळवारही चांगला आहे असं सांगितलं. एवढं सोपं होतं ते. माझा हात गळ्यात बांधलेला, म्हणून भाच्याला एका हातानं मांडीवर धरलं. न्हाव्यानं पहिली बट कापली तेव्हा त्यानं आकांत केला आणि मी त्याला घट्ट धरलं, लागेल इतकं घट्ट. निंबर्ग्यात जेवण साधं आणि उत्तम: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. दाजी पंगतीत बसले पण त्यांच्या ताटातलं संपलं नाही. नातेवाइकांत मात्र चर्चा रंगली होती. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, बैलगाडीवाल्याला अक्कल नाही. कुणी म्हणालं, बसच्या ड्रायव्हरनं बाजू दिली नाही. बोल्टांबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. एका काकानं तर मला विचारलं, शेपटी नवी करायला अँगल सोलापूरला स्वस्त मिळतो का.

वीरप्पाकाका बऱ्याच दिवसांनी काठी घेऊन चालायला लागले. पाय आखूड राहिलाय. ते अजून त्या जीपला शिव्या देत नाहीत, मलाच देतात, मी अंगावर पडलो म्हणून.

मी उदगीरला परत आलो तेव्हा मालकांनी माझ्या हाताकडं बघून रजा वाढवून दिली, आणि ती संपून कितीतरी महिने झाल्यावर मी हे लिहून काढतोय. प्रवासातून काय आणलं म्हणाल तर लाल केळी आणायची राहिली. एक खोड तेवढी आणली. आता कुठल्याही जीपमध्ये बसायच्या आधी मी मागं जाऊन वाकून बघतो. तुम्हीही बघा. बोल्ट दिसले की उतरा. ड्रायव्हर पायडल एकापेक्षा जास्त वेळा मारत असेल तर उतरा. आणि तो म्हणाला की गाडी माझं ऐकते, तर पळा.

मागच्या आठवड्यात भालकीला जाऊन आलो. स्टँडवर सगळं जिथल्या तिथं. सेट आता दुसऱ्या एकाच्या गाडीला चढलाय, गाड्या शेपट्या हलवत उभ्या आहेत. कमलापूरची गोष्ट सगळे सांगतात, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत दाजींनी गाडी रानात घातली हेच मोठं. दाजींनी जीप दुरुस्त केली. शेपटी पुन्हा लावली नाही, भोकं बुजवली, नवे ब्रेक शू स्वतःचे घातले. पण आधी काय दुरुस्त केलं म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाले, "भोंगा."

भाच्याला ताप होता, म्हणून अक्का त्याला बीदरच्या डॉक्टरकडं नेत होती. मीही निघालो. दाजी जीप दारात लावून उभे होते. त्यांनी तिला खाली वाकून चाक काढून दाखवायची तयारी केली. "बघ की, नवे हायेत. हात लावून बघ."

"कागदावर बी नवे होते," अक्का म्हणाली, आणि आम्ही स्टँडवर जाऊन बसमध्ये बसलो.

भालकी सोडल्यावर थोड्या वेळानं कंडक्टर मागच्या काचेशी गेला आणि परत आला. जीप आमच्या मागून येत होती, एकटे दाजी, बाकी मोकळी. ना बँड, ना ओव्हरटेक. बस थांबली की थांबत होती, निघाली की निघत होती.

"अक्का," कंडक्टर म्हणाला, "ती जीप कवापास्नं पाठ सोडीना. वळखीची हाय का?"

भाच्यानं अक्काच्या खांद्यावरून मागं बघून हात हलवला. अक्कानं त्याचं डोकं हळूच पुढं वळवलं.

"वळखीची हाय," ती म्हणाली. "ड्रायव्हरअण्णाला सांगा, एकदम ब्रेक मारू नका."